वरचा भाग पुरेसा फुगलेला नाही

तिला दवाखान्यात कुणी नावाने हाक मारत नसे. तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे श्वासबाई. एकोणीस वर्षं ती एमआरआयच्या यंत्रावर होती, आणि एवढी वर्षं काचेच्या अलीकडे बसून माइकमध्ये एकच पाठ म्हणत आली होती: श्वास घ्या, सोडा, आता रोखा. घरी दूध उतू जायला लागलं तरी ही त्याला "रोखा" म्हणते, असं तिचा नवरा आल्यागेल्याला रंगवून सांगायचा. नवरा शिंपी होता, शाळेचे गणवेश शिवायचा. बायकोच्या नोकरीतलं आपल्याला एवढंच कळतं, असंही वर म्हणायचा.

तिची सुरुवात एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत झाली होती. ओल्या फिल्मा चिमट्यांना लटकवायच्या, त्या वाळेपर्यंत उभं राहायचं, आणि बोटांना येणारा औषधाचा आंबट वास घेऊन घरी जायचं. मग एक दिवस दवाखान्याची भिंत पाडून एमआरआयचं धूड आत आणलं गेलं. ते शिकायला कोण जातं असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण त्यातला लोहचुंबक माणसाच्या दातातली चांदीसुद्धा ओढतो अशी आवई उठली होती. हिने हात वर केला. अंधाऱ्या खोलीत आपल्याला बारमाही सर्दी असते, हे एवढंच कारण तिने दिलं. एकदा त्या यंत्रापुढे बसली ती कायमची बसली.

तिची खरी हुकमत होती ती आतड्याच्या तपासणीवर. हे काम बाकीच्यांना नको असायचं. मेंदू, मणका, गुडघा, ही सगळी शहाणी मंडळी. ठेवाल तिथे राहतात. लहान आतडं मात्र कित्येक हात लांब, पोटात कसंही कोंबलेलं आणि सारखं वळवळणारं. रिकामं असलं की ओल्या मोज्यासारखं चपटं पडतं, आणि चपट्या मोज्यात भोक कुठे आहे हे कुणाला दिसणार? म्हणून रोग्याला आधी दीड लिटर गोडसर, बुळबुळीत पाणी पाजायचं. ते आतड्यात भरलं की आतडं फुगतं, मग पोट गप्प बसवायचं इंजेक्शन द्यायचं, आणि फोटो काढायचे. दुसऱ्या कुणाची पाळी असली की रोग्याच्या हातात बाटल्या देऊन तो मोकळा व्हायचा. श्वासबाई तसं करत नसे. ती पेल्यापेल्याने पाजायची, दोन पेल्यांच्या मध्ये कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायला लावायची, संडासाचं दार कुठलं ते आधी दाखवून ठेवायची, आणि घड्याळाकडे बघत बरोबर तासाने आत घ्यायची. तोवर पाणी लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचलेलं असायचं. बहुतेक रोग्यांचा आजार त्या टोकालाच असायचा, आणि ते टोक तिच्यासारखं कुणाला भरता येत नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यांतले डॉक्टर तिचे फोटो मागवून घेत. तिला याचा गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

त्या मंगळवारी सकाळी पहिलाच रोगी क्रेनवाला होता.

उंचापुरा, पन्नाशीचा माणूस. बंदरावर जहाजातून पेट्या उतरवणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून चाळीस मीटर वर, त्याची पंचवीस वर्षं गेली होती. आता कपडे त्याच्या अंगावर लोंबत होते. धातूचं काही आत न्यायचं नाही म्हणून पट्टा काढायला सांगितला, तर तो विजार मुठीत धरून उभा राहिला. शेजारी बाकावर त्याची बायको मांडीवर फाइल घेऊन बसली होती. फाइल उशीएवढी जाड झाली होती.

श्वासबाईने ती चाळली. तीन वर्षं पोट फुगतंय, गुडगुडतंय, जुलाब होतायत. चौदा किलो वजन गेलेलं. रक्तातलं एक जीवनसत्त्व तळाला, बी-ट्वेल्व्ह, आणि त्यामुळे तळपाय बधिर. शिडी चढताना एकदा पाय पायरीवर पडलाच नाही. हाताने धरलं म्हणून वाचला. तोंडातून नळी घालून पाहिली, काही नाही. खालून घालून पाहिली, काही नाही. या दोन नळ्यांच्या मध्ये जे लांबलचक आतडं उरतं त्याचा एमआरआय सहा महिन्यांपूर्वी झाला होता. तोही स्वच्छ. आणि चिठ्ठीच्या शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की ही शेवटची तपासणी. यातही काही निघालं नाही तर मानसोपचाराकडे पाठवावे व तसे कंपनीला कळवावे. कंपनीची वैद्यकीय समिती महिनाअखेरीला बसणार होती. मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात वाईट काहीच नाही, पण ज्याच्या कागदावर "तक्रारी मानसिक" असं लिहिलंय त्याला चाळीस मीटरवरची केबिन कुणी परत देत नाही. हे त्यालाही ठाऊक होतं, आणि फाइल वाचून तिलाही कळलं.

"ताई, मागच्या वेळी तुम्हीच होता," तो म्हणाला. तिला आठवलं. शेवटचं टोक सुंदर भरलं होतं त्याचं.

मग पहिला पेला हातात घेऊन, न पिता, त्याने विचारलं, "एक सांगू का? राग मानू नका. तुम्ही फोटो काढलेत तेव्हा पोट गप्प झालं होतं."

"म्हणजे?"

"काही पोटात गेलं की दहा मिनिटांत इथे सुरू होतं." त्याने डाव्या बरगडीखाली हात ठेवला. "गुडगुडतं, फुगतं, आतून कुणी ढकलतंय असं वाटतं. तासाभरात थांबतं. मागच्या वेळी तुमचं हे पाणी प्यायल्यावरही झालं, तिथे कॉरिडॉरमध्ये. मला आत घेतलंत तोवर सगळं थांबलं होतं."

बायको फाइलकडे बघतच म्हणाली, "ते सगळ्यांना असंच सांगतात." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. क्रेनवाल्याने मान खाली घातली.

श्वासबाईने त्याला पेला तसाच धरून थांबायला सांगितलं. का थांबवलं हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. ती काचेमागच्या खोलीत गेली, खुर्चीवर न बसताच त्याचा जुना अहवाल उघडला आणि वाचायला लागली. शेवटचा भाग उत्तम भरलेला, भिंत सामान्य, सूज नाही, गाठ नाही. आणि खाली, सगळ्यात शेवटी, एक ओळ: लहान आतड्याचा वरचा भाग पुरेसा फुगलेला नाही.

ही ओळ तिने हजार वेळा वाचली होती, म्हणजे खरं तर एकदाही वाचली नव्हती. तिने मागच्या आठवड्यातले आणखी पाच अहवाल उघडले. पाचही अहवालांत तीच ओळ, अक्षरन् अक्षर तीच. टपालावर शिक्का मारावा तशी ती प्रत्येक अहवालाच्या तळाशी बसायची. लिहिणारे डॉक्टर लिहायचे, वाचणारे डॉक्टर ओलांडून पुढे जायचे, आणि पाणी पाजणारी ती आपलं शेवटचं टोक बघून खूश व्हायची. वरचा भाग का फुगत नाही, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. फुगणार कसा? तिनेच तर तासभर थांबून त्यातलं सगळं पाणी खाली जाऊ दिलं होतं.

तो माणूस तीन वर्षं जागा सांगत होता. आता वेळही सांगत होता. आणि दोन्ही त्याच ओळीत जाऊन मिळत होत्या.

अहवाल लिहिणारी डॉक्टरीण शेजारच्या खोलीत बसायची. तिच्या मुलीच्या वयाची, हुशार, आणि ठरल्या पद्धतीत तसूभर बदल न खपवणारी. श्वासबाईने एका दमात सगळं सांगितलं. पहिले तीन पेले पंधरा मिनिटांत भराभर पाजते, विसाव्या मिनिटाला आत घेते, वरचा भाग भरलेला असतानाच बघते. मग बाहेर काढून उरलेलं पाणी देते आणि नेहमीची तपासणी नेहमीसारखी करते.

डॉक्टरीण म्हणाली की यात दुप्पट वेळ जाईल, पुढचे रोगी खोळंबतील, आणि इंजेक्शन दोनदा देता येणार नाही.

"पहिल्या वेळी इंजेक्शन द्यायचंच नाही," श्वासबाई म्हणाली.

"आतडं हलेल ना. फोटो फिसकटतील."

"फोटो नाही काढायचे, चालतं चित्र घ्यायचं. हलू दे की त्याला." आणि मग तिच्या तोंडून ते निघालं, जे तिने आधी मनात जुळवलेलंही नव्हतं. "आपण इंजेक्शन देऊन सगळ्यांनाच गप्प बसवतो, डॉक्टर. मग त्यात मुळातच गप्प कोण आहे ते कसं कळणार?"

श्वासबाईला वाटलं, झालं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "वीस मिनिटं. तेवढीच. काही दिसलं तर मला हाक मारा."

आता पुढच्या रोग्याचा प्रश्न होता. गुडघ्याच्या फोटोसाठी आलेल्या एक आजी बाहेर बसल्या होत्या. श्वासबाई त्यांच्यापुढे उकिडवी बसली आणि तासभर उशीर चालेल का असं विचारलं. आजींनी कारण विचारलं. एका माणसाचं पोट पुन्हा नीट बघायचं आहे, एवढंच तिने सांगितलं. आजी म्हणाल्या की घरी जाऊन त्यांना सुनेचं तोंडच बघायचं आहे, ते तासाने बघितलं तरी चालेल. सून शेजारीच बसली होती. ती हसली, आणि आजींसाठी चहा आणायला उठली.

तीन पेले. क्रेनवाला नाक दाबून घटाघट प्यायला. श्वासबाईने या वेळी त्याला फेऱ्या मारायला लावल्या नाहीत, चालल्याने पाणी भराभर खाली उतरतं म्हणून. आठव्या मिनिटाला त्याने तिच्याकडे पाहिलं. अकराव्या मिनिटाला तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, बाटली उलटी केल्यावर होतो तसा आवाज, बरगडीखालून. त्याच्या बायकोनेही ऐकला आणि दुसरीकडे पाहिलं.

"चला," श्वासबाई म्हणाली. एकोणीस वर्षांत तिने कुणाला इतक्या घाईने आत नेलं नव्हतं. टेबलावर पालथा झोपवला, पाठीवर यंत्राची जाडजूड पाटी बांधली, कानांत बोळे, हातात बोलावण्याचा रबरी फुगा. दार लावून ती काचेमागे आली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण चप्पल एकाच पायात घातलेली आहे. दुसरी आतच राहिली होती. असू दे म्हणाली.

"दादा, श्वास घ्या. सोडा. आता रोखा."

पडद्यावर पोट उमटलं. आणि वरचा भाग भरलेला होता. काठोकाठ, टम्म. आतल्या घड्या पिसाच्या तंतूंसारख्या एकेक वेगळ्या दिसत होत्या. इतकी वर्षं ती या भागाला चपटा, काळपट, ओळखू न येणारा गुंता म्हणूनच ओळखत होती. हा असा दिसतो होय, असं ती मोठ्याने म्हणाली. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं.

मग तिने चालतं चित्र लावलं. आतडं हलायला लागलं. आकसायचं, पसरायचं, लाट पुढे जायची, मागून दुसरी यायची. सगळं जिवंत, सगळं धावपळीत. आणि त्या धावपळीत डाव्या बाजूला, आतड्याच्या कडेला, एक गोल फुगा. लाट त्याच्या शेजारून गेली, तो हलला नाही. दुसरी लाट गेली, हलला नाही. त्यात घडी नव्हती, तंतू नव्हता, नुसती गुळगुळीत भिंत. तिने डोळे बारीक केले, पुन्हा श्वास रोखायला सांगितलं, चित्र एक बोटभर पुढे सरकवलं. तिथे दुसरा. त्याच्या खाली तिसरा. सगळे एकाच कडेला, जिथून आतड्याला रक्तवाहिन्या येऊन मिळतात त्या कडेला, ओळीने लागलेले. एक तर लिंबाएवढा.

चार. पाच. हा मघाचाच की वेगळा? वेगळा. सहा. ती दाराकडे धावली, डॉक्टरीणबाईंना हाक मारली, आणि परत येऊन बसली. सात. डॉक्टरीण आली ती पडद्याकडे बघत उभीच राहिली. तिने खुर्ची ओढून घ्यायला हात मागे नेला तर तिथे खुर्ची नव्हती. तरी ती तशीच, वाकून, बघत राहिली.

"परत लावा," ती म्हणाली. श्वासबाईने परत लावलं. लाट आली, गेली. फुगे जागच्या जागी.

"पिशव्या आहेत," डॉक्टरीण म्हणाली, "आतड्याच्या भिंतीतून बाहेर आलेल्या. ताई, मी पुस्तकात वाचलंय हे. असं हलताना कधी बघितलं नाही." तिचा आवाज परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा झाला होता. दोघींनी मिळून मोजल्या. अकरा. खात्री करायला उलटीकडून मोजल्या, तरी अकरा.

आता सगळ्यात अवघड काम उरलं होतं, ते म्हणजे चेहरा. रोग्याला काय दिसलं ते सांगायचं नाही, अहवाल झाल्यावर डॉक्टर सांगतील, हा तिच्या कामाचा पहिला नियम. तिने आत जाऊन क्रेनवाल्याला उठवलं, उरलेलं पाणी दिलं, तासभर फिरवलं, परत झोपवलं, इंजेक्शन देववलं, नेहमीची तपासणी नेहमीसारखी केली, आणि एवढा वेळ चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट ठेवला. त्याने फक्त एकदा विचारलं की या वेळी ते सुरू असताना पाहिलंत ना. ती हो म्हणाली आणि लगेच पाण्याच्या बाटल्या आवरायला वळली, कारण आणखी क्षणभर त्याच्यासमोर उभी राहिली असती तर तिने नियम नक्की मोडला असता.

आजींचा गुडघा झाला. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही. जिन्याखाली जाऊन नवऱ्याला फोन लावला. कुणाचं काय ते न सांगता, नुसतं काय दिसलं ते भडाभडा सांगून टाकलं. शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला. नवऱ्याने विचारलं की पिशवी आतड्यासारखी आकसत का नाही. तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं आठवलं: भिंतीतला स्नायूचा थर तिथे नसतो, आतलं पातळ आवरणच फटीतून बाहेर येतं.

"म्हणजे खिशासारखं," शिंपी म्हणाला. "विजार जाड कापडाची, खिसा नुसत्या अस्तराचा. विजार ताणली तरी खिसा आपला लोंबतच राहतो. त्यात मग काय काय साठतं ते मला विचार." ती खूप दिवसांनी इतकी हसली. मग त्याने सहज, काही मनात न ठेवता विचारलं, "पण मग मागच्या वेळी का नाही दिसलं तुला?"

तिने फोन ठेवला आणि सरळ वर आली. सहा महिन्यांपूर्वीचे फोटो उघडले. आज ज्या ज्या जागी पिशव्या दिसल्या होत्या त्या जागा एकेक करून पाहिल्या. तिथे चपटा, काळपट गुंता होता, आणि त्या गुंत्यात, आता ठाऊक झाल्यावर, दोन ठिकाणी एक पुसट गोलाई दिसत होती. ठाऊक नसताना कुणालाही दिसली नसती. तिने स्वतःला हे सांगितलं, आणि त्याने तिचं समाधान झालं नाही.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी पोटाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं, आणि क्रेनवाल्याला व त्याच्या बायकोला आपल्या खोलीत बोलावलं. खोली एवढीशी, एक पडदा, दोन खुर्च्या. श्वासबाईला त्यांनी मुद्दाम थांबायला सांगितलं होतं. ती दारापाशी उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं सोपं करून सांगितलं. या पिशव्यांमध्ये अन्न अडकून राहतं, तिथे जंतू वाढतात, पोट फुगतं, जुलाब होतात. ज्या जीवनसत्त्वावर पायांच्या नसा चालतात ते या जंतूंच्याच तोंडी पडतं, म्हणून तळपाय बधिर. उपाय आहे. जंतू मारायची औषधं, थांबून थांबून, आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. बहुतेक वेळा कापाकापी लागत नाही. पाय हळूहळू सुधारतील. किती, ते आज सांगता येणार नाही. समितीला पाठवायचा अहवाल आजच जाईल.

क्रेनवाल्याला यातलं किती कळलं कोण जाणे. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे आहे?"

"आहे," डॉक्टरीण म्हणाली. "अकरा ठिकाणी आहे."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आजार निघाला म्हणून इतका आनंद झालेला माणूस श्वासबाईने पाहिला नव्हता. गप्प राहून या आनंदात मिसळून जाणं किती सोपं होतं. पण ती दोन पावलं पुढे आली.

"दादा, हे मागच्या वेळीही होतं. मी उशिरा पाहिलं. पाणी वरून निघून गेल्यावर पाहिलं. आमच्या कागदावर तशी ओळ होती, आणि ती मीही वाचली नाही."

ती ओळ डॉक्टरीणबाईंनीच लिहिली होती.

क्रेनवाल्याने हात खाली घेतले. "मला केबिनमधून खाली उतरवून चार महिने झाले," तो म्हणाला. "गोदामात हातमोजे वाटतो मी." तो ओरडला नाही. हिशेब मनाशी लावत होता, एवढंच.

"हो," श्वासबाई म्हणाली.

तो म्हणाला, "पण आज तुम्ही ऐकलंत."

त्याची बायको उठली. फाइल खुर्चीवर ठेवून ती पडद्यासमोर गेली आणि चित्र पुन्हा चालू करायला सांगितलं. श्वासबाईने लावलं. आतडं आकसलं, पसरलं, लाट गेली, आणि कडेचे फुगे जागच्या जागी राहिले. बायकोने त्यातल्या मोठ्या फुग्यावर बोट ठेवलं, हा का म्हणून विचारलं, आणि तसंच बोट ठेवून खूप वेळ उभी राहिली. तीन वर्षं स्वयंपाकघरात, बिछान्यात, नातेवाइकांसमोर ती त्याला मनावर घेऊ नका म्हणत आली होती, आणि शेवटी शेवटी तेही म्हणायचं तिने सोडलं होतं.

ती वळली. "आत्ता दुखतंय का?" तिने त्याला विचारलं.

हा प्रश्न आपल्यालाच आहे याची खात्री करून घेत असल्यासारखा तो तिच्याकडे बघत होता.

"थोडं," तो म्हणाला.

तिने हात पुढे केला, आणि त्याने तो धरून डाव्या बरगडीखाली, बरोबर जागेवर, नेऊन ठेवला.